ऑनलाइन विक्री सुरू करताना: आधी एका ऑर्डरचा हिशोब, मग दुकान

लहान-मध्यम व्यवसाय ऑनलाइन न्यायचा ठरला की पहिली चर्चा होते ती वेबसाइटची: कुणाकडून करून घ्यायची, रंग कोणते, लोगो कसा. खरं तर हा विषय पाचवा-सहावा. ऑनलाइन धंद्यात पैसा गळतो तो गोदामातल्या चुकलेल्या मोजणीतून, गरजेपेक्षा मोठ्या खोक्यातून आणि परत आलेल्या पार्सलातून. म्हणून सुरुवात तिथूनच करू. वेबसाइट शेवटी येईल.

एका ऑर्डरचा हिशोब

एक वस्तू घ्या. तिची विक्री किंमत १०० धरा, चलन कोणतंही असो. ती बनवायला किंवा विकत आणायला ४५ लागले. मार्केटप्लेसचं (म्हणजे ॲमेझॉनसारख्या, अनेक विक्रेते विकतात त्या ऑनलाइन बाजाराचं) कमिशन १५, पैसे स्वीकारण्याचा खर्च २, पॅकिंग ४, कुरिअर १४, जाहिरात ८. बेरीज ८८, हातात उरले १२. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. कमिशन वस्तूच्या प्रकारानुसार बदलतं आणि कुरिअरचा दर वजन-अंतरानुसार, त्यामुळे स्वतःच्या प्रत्येक वस्तूसाठी हा तक्ता नव्याने मांडा. जागेचं भाडं आणि पगार यात अजून आलेलेच नाहीत, तेही लक्षात असू द्या.

बहुतेक जण इथे थांबतात आणि बारा टक्के सुटतात असं समजून कामाला लागतात. रिटर्न मात्र या हिशोबात धरलेलेच नसतात. माल परत आला की साधारण असं होतं: जातानाचं कुरिअर १४, येतानाचं १४, पॅकिंग ४, पेमेंटचा खर्च २, जाहिरात ८. म्हणजे एका रिटर्नमागे ४२ गेले, आणि विक्री शून्य. कमिशन बऱ्याच ठिकाणी परत मिळतं, तेही कधी थोडी रक्कम कापून. शिवाय परत आलेल्या दहातल्या तीन वस्तू पुन्हा विकण्याच्या लायकीच्या नसतील, तर त्यांचे प्रत्येकी ४५ पाण्यात. सरासरी काढली तर एक रिटर्न ५५.५ ला पडतो.

आता १०० ऑर्डरी घ्या. दहा परत आल्या: ९० ऑर्डरींचे १०८० मिळाले, रिटर्नमध्ये ५५५ गेले, उरले ५२५. म्हणजे ऑर्डरमागे बारा नव्हे, सव्वापाच. सतरा परत आल्या तर उरतात जेमतेम ५२. अठरावं पार्सल परत आलं की हिशोब तोट्यात जातो. ही अठराची रेघ तुमच्या वस्तूसाठी कुठे पडते ते माहीत नसताना जाहिरातीवर खर्च करणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. कपडे आणि पादत्राणं यांत मापामुळे रिटर्न जास्त येतात, तेव्हा तिथे ही रेघ आधी काढा, मगच पुढे जा.

हिशोब जमत नसेल तर किंमत वाढवण्याआधी एक सोपा उपाय करून बघा: दोन नग एकत्र विका. दोन नगांची किंमत २००, खरेदी ९०, कमिशन ३०, पेमेंट ४, पॅकिंग ५, जाहिरात तीच ८. कुरिअर दुप्पट होत नाही, समजा १८ झालं. खर्च १५५, उरले ४५. सुटे दोन विकले असते तर २४ उरले असते. स्वस्त आणि हलक्या वस्तूंचा ऑनलाइन धंदा बहुधा या जोड-पॅकांवरच उभा राहतो.

खोक्याचं माप हा खर्चाचा आकडा आहे

कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात: काट्यावरचं खरं वजन आणि खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं वजन. यातलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढायची रीत सोपी आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येतं ते किलोमध्ये. काही कंपन्या ४००० किंवा ६००० ने भागतात, म्हणून करार करताना हा भाजक विचारून घ्या.

एक उशी घ्या, खरं वजन १.२ किलो. ती ४० × ३० × २५ च्या खोक्यात गेली तर आकारमान ३०,००० आणि आकारायचं वजन ६ किलो. हीच उशी हवा काढून, दाबून ३५ × २५ × १५ च्या खोक्यात बसवली तर १३,१२५, म्हणजे २.६ किलोच्या आसपास. वस्तू तीच, ग्राहक तोच, पण कुरिअरचं बिल निम्म्याहून कमी वजनाचं. खोकं बाजारात जे मिळेल ते घेऊ नका. तुमच्या पहिल्या दहा वस्तू मोजा आणि त्यावरून तीन मापं ठरवा, जास्तीत जास्त चार. त्याहून जास्त मापं झाली की पॅकिंग टेबलावरचा माणूस हाताला लागेल ते खोकं उचलतो आणि सगळी बचत तिथेच संपते.

फुगलेलं खोकंही मापात जास्त भरतं. मध्ये दोन सेंटिमीटर फुगवटा आला की मोजणीचं यंत्र तोच आकडा धरतं. म्हणून खोकं गच्च कोंबू नका. पॅक झालेल्या पार्सलचा काट्यावर आणि मोजपट्टीसह एक फोटो प्रत्येक वस्तूसाठी जपून ठेवा. कुरिअरने वजनाचा वाद काढला तर तक्रारीसोबत जोडायला तोच पुरावा लागतो.

पहिल्या वस्तू कोणत्या

दुकानात तीनशे वस्तू आहेत म्हणून तीनशे चढवू नका. दहा ते पंधरा पुरेत. निवडताना चार गोष्टी बघा. वस्तू फुटणारी-सांडणारी नसावी. माप किंवा रंग यांवरून वाद होण्यासारखी नसावी. तिचा पुरवठा तुमच्या हातात असावा, म्हणजे दोन आठवड्यांत पुन्हा आणता किंवा बनवता यावी. आणि वरच्या हिशोबात ती नफ्यात असावी. सर्वांत जास्त खपणारी वस्तू पहिली असलीच पाहिजे असं नाही. तिच्यात स्पर्धाही सर्वांत जास्त असते.

बॅटरी, अत्तर, स्प्रे, रसायनं यांना विमानातून नेण्याचे वेगळे नियम आहेत. लिथियम बॅटरी असलेली वस्तू साधी वस्तू म्हणून पाठवली तर पार्सल वाटेत अडवलं जातं आणि जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. अशा वस्तू पहिल्या यादीत घेऊ नका. धंद्याची घडी बसली की कुरिअरशी बोलून, कागदपत्रं आणि लेबलं समजून घेऊन त्या सुरू करा.

मार्केटप्लेस आधी की स्वतःचं संकेतस्थळ

आमचं मत स्पष्ट आहे: आधी मार्केटप्लेस. तिथे गिऱ्हाईक आयतं येतं, पैसे स्वीकारण्याची सोय तयार असते आणि पॅकिंग-रिटर्नची शिस्त लागते. बदल्यात कमिशन द्यावं लागतं आणि ग्राहकाशी थेट नातं जुळत नाही. त्याचा पत्ता माल पोहोचवण्यापुरता मिळतो, पुढे संपर्क ठेवण्यासाठी नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. ॲमेझॉनने २००० साली इतर विक्रेत्यांना आपल्याच पानांवर जागा दिली, तेव्हापासून तिथे एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्यावर अनेक विक्रेते उभे असतात. खरेदीचं बटण दाबलं की ऑर्डर त्या वेळी पुढे असलेल्या विक्रेत्याला जाते. पुढे कोण, हे किंमत, पोहोचवण्याचा वेग आणि कामाची नोंद यांवर ठरतं. म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या ब्रँडचा माल विकत असाल तर तुमची लढाई एकाच पानावर दहा जणांशी आहे, आणि ती किंमत पाडतच लढली जाते. स्वतःचा माल असेल तर पान तुमचं. म्हणून केवळ ट्रेडिंग करणाऱ्यांनी निदान काही वस्तू तरी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जोड-पॅकमध्ये किंवा स्वतःच्या सुधारणेसह आणाव्यात.

पहिले तीन महिने एकच मार्केटप्लेस. दोन ठिकाणी एकदम सुरू केलं की स्टॉकचा घोळ नक्की होतो. एका ठिकाणी जम बसला की मग दुसरं उघडाच, कारण सगळी विक्री एकाच खात्यावर असणं धोक्याचं आहे. ते खातं चार दिवस जरी बंद झालं, तरी पगार आणि पुरवठादार थांबत नाहीत.

नोंदणी

इथे फार वेळ जाऊ नये, पण एका कारणाने हमखास जातो: नाव. कर-नोंदणी, बँक खातं आणि ओळखपत्र यांवर व्यवसायाचं नाव अक्षर-न्-अक्षर सारखं हवं. एका कागदावर ‘आणि’, दुसऱ्यावर ‘अँड’ असलं तरी पडताळणी अडते. विक्रीसाठी बँक खातं वेगळं ठेवा. ईमेल आणि फोन नंबर व्यवसायाच्या मालकीचे असू द्या, कामावरच्या मुलाचे नकोत. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्यासोबत जातो. पहिलं खातं अडकलं म्हणून घाईने दुसरं उघडू नका. बहुतेक मार्केटप्लेस दोन्ही खाती जोडून बंद करतात आणि मग सुटका फार कठीण होते.

कोड, बारकोड आणि एक्सेलचा घात

प्रत्येक वस्तूला, तिच्या प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक मापाला तुमचा स्वतःचा एक कोड द्या. यालाच एसकेयू म्हणतात. कोड छोटा ठेवा, वाचून वस्तू ओळखता यावी असा ठेवा आणि त्यात रोमन ओ व शून्य एकत्र येऊ देऊ नका. एकदा दिलेला कोड दुसऱ्या वस्तूला कधीच देऊ नका, जुनी वस्तू बंद झाली तरीही. जुन्या रिटर्नच्या पार्सलात नव्या वस्तूचा कोड निघाला की कुणालाच काही कळत नाही.

बारकोडखालचा आकडा म्हणजे जीटीआयएन. तो जीएसवन या संस्थेच्या त्या-त्या देशातल्या शाखेकडून मिळतो. इंटरनेटवर स्वस्तात विकले जाणारे बारकोड घेऊ नका. त्या आकड्यांची नोंद दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असते, आणि मोठे मार्केटप्लेस आकडा जीएसवनच्या यादीशी ताडून बघतात. लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, सहा महिन्यांनी उडते, तोवर मिळालेले रिव्ह्यूही तिच्यासोबत जातात. प्रत्येक रंगाला आणि मापाला वेगळा आकडा लागतो, त्यामुळे किती घ्यायचे ते आधी मोजा.

आता एक्सेल. तेरा आकडी बारकोड साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही (मार्केटप्लेसवर चढवायची साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली की मागचे आकडे कायमचे जातात. सुरुवातीचा शून्य असेल तर तोही गळतो. कोडमध्ये ‘३-१२’ असं काही असेल तर त्याची तारीख होते. म्हणून फाइल उघडताक्षणी, काहीही टाकण्याआधी, तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्या. आधीच बिघडलेला रकाना नंतर टेक्स्ट केल्याने गेलेले आकडे परत येत नाहीत.

फोटो आणि मजकूर

स्टुडिओ लागत नाही. मोठी खिडकी, ऊन थेट न येणारी वेळ, मागे वळवून लावलेला पांढरा कागद आणि सावली घालवायला समोरच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा. फोन हातात धरू नका, स्टँडवर लावा. दिव्यावर काढायचं असेल तर सगळे दिवे एकाच रंगाचे हवेत, ५००० ते ५५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, बल्बच्या खोक्यावर असतं). खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की निळी वस्तू हिरवट दिसते, आणि ‘रंग वेगळा आला’ असं कारण लिहून माल परत येतो.

ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि मोठी बाजू १००० पिक्सेल असल्याशिवाय झूम चालत नाही. तुम्ही २००० पिक्सेलची चौरस मूळ प्रत काढून ठेवा, ती सगळीकडे चालते.

मुख्य फोटो ग्राहकाला पानावर आणतो, पण रिटर्न थांबवतात ते पुढचे फोटो. वस्तू हातात धरलेला एक हवा, म्हणजे आकार कळतो. मापं सेंटिमीटरमध्ये लिहिलेला एक. शिवण, झाकण, तळ, जोड अशा ठिकाणचा जवळून काढलेला एक. खोक्यात काय-काय येतं ते पसरून दाखवणारा एक. फोटोतला दिवा टेबलासकट असेल आणि टेबल मिळणार नसेल, तर तो फोटो घेऊच नका. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही.

शीर्षक मोबाइलवर अर्धवट कापलं जातं. म्हणून वस्तू काय, कशाची, केवढी, किती नग, हे पहिल्या साठ-सत्तर अक्षरांत आलंच पाहिजे. विशेषणं नंतर. वर्णनापेक्षा महत्त्वाचे असतात ते लिस्टिंगच्या फॉर्ममधले रकाने: साहित्य, रंग, माप, वजन, वापर. ग्राहक डावीकडच्या चाळण्या (फिल्टर) लावतो तेव्हा रिकामा रकाना असलेली वस्तू यादीतून गळते. वस्तू विकली का जात नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या कितीतरी विक्रेत्यांचा प्रश्न हे रकाने भरल्याने सुटतो. वस्तू काय करत नाही तेही लिहा: ‘मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही’, ‘भिंतीवर लावायचे खिळे सोबत नाहीत’. अशा एका ओळीने थोडी विक्री कमी होईल, पण जी होईल ती टिकेल.

स्टॉक: सगळ्यात जास्त काळजी इथे

दुकानात आणि ऑनलाइन एकच माल विकला जातो तेव्हा नेमकं असं घडतं. शेल्फवर तीन नग. काउंटरवर एक जण दोन घेऊन गेला, बिल झालं, पण ऑनलाइनचा आकडा तीनच राहिला. तासाभरात ऑनलाइन दोन ऑर्डरी आल्या. एक पाठवली, दुसरी रद्द करावी लागली. आता याची किंमत बघा. ॲमेझॉनने विक्रेत्यांना घालून दिलेल्या मर्यादेनुसार, विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरी २.५ टक्क्यांच्या खाली हव्यात, उशिरा पाठवलेल्या ४ टक्क्यांच्या खाली आणि तक्रारीच्या ऑर्डरी १ टक्क्याच्या खाली. आठवड्याला चाळीस ऑर्डरी असतील तर एक रद्द झाली की झाले अडीच टक्के. रेघ ओलांडायला एकच चूक पुरते, कारण नव्या विक्रेत्याच्या ऑर्डरीच कमी असतात.

यावर उपाय तीन. पहिला, ऑनलाइनचा माल वेगळ्या रॅकवर ठेवा. सॉफ्टवेअर घेण्याआधी हे करा. यात खर्च नाही आणि फरक लगेच दिसतो. काउंटरला माल हवा असेल तर नोंद करूनच त्या रॅकवरून उचलायचा. दुसरा, आहे त्यापेक्षा कमी दाखवा. वीस नग असतील तर सतरा दाखवा, आणि तीन उरले की शून्य. स्टॉक जुळवणारं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी आकडे पाठवतं, त्या मधल्या वेळेत दोन ऑर्डरी येऊ शकतात. राखून ठेवलेले हे तीन नग त्या वेळेसाठी. तिसरा, दर आठवड्याला प्रत्यक्ष मोजणी. सगळ्या वस्तू रोज मोजायची गरज नाही. रोज दोन-तीन कोड मोजा, आठवड्यात सगळे होतात. फरक निघाला तर आकडा नुसता दुरुस्त करू नका, कारण शोधा: चुकीचा रंग गेला, रिटर्न नोंदवलं नाही, की फुटलेला माल तसाच पडून आहे?

माल पुन्हा कधी मागवायचा याचा आकडा अंदाजाने ठरवू नका. रोज सरासरी ४ नग जातात आणि पुरवठा यायला १० दिवस लागतात, तर या काळात ४० लागतील. पण वाईटात वाईट दिवस धरा: रोज ७ गेले आणि पुरवठा १४ दिवसांनी आला, तर ९८. फरक ५८, तो राखीव साठा. म्हणजे ९८ नग उरले की मागणी नोंदवा. महाग वस्तूला एवढा पैसा अडकवणं परवडत नसेल तर राखीव साठा कमी करा, पण मग माल संपण्याआधी लिस्टिंग स्वतःहून बंद करायची शिस्त पाळा.

पॅकिंग टेबल

टेबल कमरेच्या उंचीचं, खोकी खाली, टेप उजव्या हाताला, काटा समोर. लेबलसाठी थर्मल प्रिंटर (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) घ्या, १०० × १५० मिलिमीटरचं लेबल आणि २०३ डीपीआय, म्हणजे इंचाला २०३ ठिपके, पुरे. साध्या प्रिंटरवर छापून चिकटटेपने लावलेलं लेबल ओलाव्यात पसरतं आणि बारकोडवर आलेल्या टेपची चकाकी स्कॅनरला अडवते. लेबल खोक्याच्या कडेवरून वळवू नका, सपाट बाजूवरच लावा.

फुटण्यासारखी वस्तू असेल तर ती आणि खोक्याची भिंत यांत सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर भरणं हवं. खोकं हलवल्यावर आत काहीही सरकता कामा नये. टेप ४८ मिलिमीटरची, वरची-खालची मधली फट आणि दोन्ही टोकांच्या कडा अशी इंग्रजी एच अक्षराच्या आकारात. द्रवाच्या बाटलीला आतलं सील, झाकणावर टेप आणि वरून बंद पिशवी. ‘ही बाजू वर’ असं लिहिल्याने पार्सल उभं राहत नाही. ते आडवं, उलटं जाणारच असं धरून पॅक करा.

नवीन पॅकिंग चालू करण्याआधी पाडून बघा. आयएसटीए-१ए या पॅकिंगच्या प्रमाणित चाचणीत १० किलोपेक्षा हलकं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. हे तुमच्या पॅकिंग टेबलाजवळही करता येतं. तीन पार्सलं पाडा. एकात जरी काही फुटलं, तरी भरणं बदला आणि पुन्हा पाडा. तीन नग गेले तरी चालतील, पुढचे तीनशे वाचतात.

चुकीची वस्तू जाणं थांबवायचं तर ऑर्डर एकाने काढायची आणि दुसऱ्याने स्कॅन करून बंद करायची. माणूस एकच असेल तर आधी सगळ्या ऑर्डरींचा माल काढून घ्यावा, मग एक-एक स्कॅन करत पॅक करावा. काढणं आणि पॅक करणं एकाच हालचालीत झालं की डोळा चूक पकडत नाही. कुरिअर संध्याकाळी पाचला येत असेल, तर त्या दिवसाच्या ऑर्डरींची मर्यादा दुपारी दोन ठेवा आणि ती लिस्टिंगच्या सेटिंगमध्येही तशीच भरा.

रिटर्न आलं की

पार्सल आलं त्याच दिवशी उघडा, उघडताना व्हिडिओ सुरू ठेवा, लेबलपासून आतल्या वस्तूपर्यंत एकसंध. मध्ये कट असलेला व्हिडिओ मार्केटप्लेसकडे मागितलेल्या भरपाईच्या दाव्यात टिकत नाही. वस्तू चार ठिकाणी विभागा: तशीच विकण्याजोगी, फक्त खोकं बदलायची, दुरुस्तीची, टाकून द्यायची. न तपासता परत रॅकवर गेलेली एक वापरलेली वस्तू पुढच्या ग्राहकाच्या हाती पडली की एक तारा मिळतो, आणि तो पुसला जात नाही. चुकीचा माल किंवा रिकामं खोकं आलं तर दाव्याची मुदत लगेच बघा, ती मोजक्या दिवसांची असते.

रिटर्नचं कारण म्हणून ग्राहक यादीतला पहिला पर्याय दाबून मोकळा होतो. खरं कारण असतं त्याने लिहिलेल्या एका ओळीत. त्या ओळी महिन्याला एका तक्त्यात उतरवा. ‘लहान निघालं’ असं पाच वेळा आलं तर मापाचा फोटो बदलायचा आहे, कारखान्यातला साचा बदलायची गरज नसेलही.

पैसे जुळवणं

मार्केटप्लेस पैसे ऑर्डरमागे देत नाही, ठरावीक दिवसांनी एकत्र देतं, त्यातून कमिशन, कुरिअर, जाहिरात, दंड, रिटर्न सगळं वळतं करून. बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री असं हिशोबात धरलं तर कर भरतानाही चूक होते, कारण विक्री पूर्ण रकमेची असते आणि वजावटी हा खर्च असतो. सेटलमेंटची फाइल दर आठवड्याला उतरवा आणि ऑर्डर क्रमांकावरून आपल्या विक्रीच्या यादीशी जुळवा. तीन गोष्टी शोधा: पाठवलेल्या पण पैसे न आलेल्या ऑर्डरी, रिटर्न म्हणून पैसे कापले पण माल परतच न आलेल्या ऑर्डरी आणि ठरल्यापेक्षा जास्त वजनाचं कुरिअर लावलेल्या ऑर्डरी. सहा महिन्यांनी जुळवायला बसलात तर दाव्यांच्या मुदती निघून गेलेल्या असतील.

खेळतं भांडवलही याच तक्त्यातून कळतं. पुरवठादाराला आज पैसे दिले, माल १० दिवसांनी आला, विकायला सरासरी २० दिवस, पैसे हाती यायला आणखी १४. म्हणजे ४४ दिवस तुमचा पैसा बाहेर. विक्री दुप्पट झाली की बाहेर अडकलेला पैसाही दुप्पट. नफ्यात असलेले धंदे याच जागी कोरडे पडतात, म्हणून मोठ्या सणाच्या किंवा सवलतीच्या हंगामाआधी हा आकडा काढाच.

जाहिरात

लिस्टिंग पूर्ण, फोटो नीट, स्टॉक भक्कम आणि निदान थोडे खरे रिव्ह्यू आल्यावर. त्याआधी दिलेली जाहिरात लोकांना अर्धवट पानावर आणून परत पाठवते. वरच्याच उदाहरणात जाहिरात वगळून २० उरतात. वीस क्लिकांमागे एक विक्री होत असेल, तर एका क्लिकला १ दिला की सगळा नफा संपला. म्हणजे एका क्लिकसाठी तुम्ही लावलेली बोली त्याच्या बरीच खाली हवी, रिटर्न धरले तर आणखी खाली. दोन आठवडे चालवा, मग कोणत्या शब्दांवर क्लिक आले पण विक्री झाली नाही ते बघून ते शब्द वगळा. पैसे देऊन रिव्ह्यू घेऊ नका. ग्राहकाची ती फसवणूक आहे आणि पकडलं गेलं की खातं जातं.

आता वेबसाइट

मार्केटप्लेसवर दोन-तीन वस्तू आपल्या नावावर विकल्या जाऊ लागल्या, लोक तुमचं नाव टाइप करून शोधू लागले, की स्वतःचं संकेतस्थळ उघडायची वेळ झाली. तयार प्लॅटफॉर्म वापरा, शॉपिफाय किंवा वूकॉमर्ससारखा. शून्यातून बांधून घेतलेलं दुकान बांधणारा निघून गेला की कुणालाच उघडता येत नाही. डोमेनचं नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर नोंदवा, एजन्सीच्या नाही. कार्डाची माहिती स्वतःकडे साठवू नका. ते काम पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचं, आणि त्यासाठी पीसीआय डीएसएस हे सुरक्षेचं प्रमाण पाळावं लागतं.

कार्टमध्ये वस्तू टाकून न घेता निघून जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने वेगवेगळ्या अभ्यासांवरून काढलेली सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यांच्या पाहण्यांत सांगितलं जाणारं मोठं कारण म्हणजे शेवटी वाढलेला खर्च: कुरिअर, कर, शुल्क. म्हणून कुरिअरचा खर्च वस्तूच्या पानावरच दाखवा. खातं न उघडता खरेदी करू द्या. मग एक साधा, जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतःच्या दुकानातून खरी ऑर्डर द्या. पैसे भरा, पार्सल घरी येऊ द्या, ते परत पाठवा, पैसे परत आले का बघा. जिथे अडाल तिथेच ग्राहक अडणार.

नव्या वस्तू चढवायची घाई मात्र करू नका. सलग तीन आठवडे मोजणीत फरक शून्य, एकही ऑर्डर रद्द नाही आणि सेटलमेंट पूर्ण जुळलं, की पुढच्या दहा वस्तू घ्या. एका आठवड्याची जरी गडबड झाली, तर मोजणी पहिल्यापासून.